जिला नाटक येत नव्हतं

"डॉक्टर, आमचे हे कसे आहेत? मला आत सोडतच नाहीत कुणी," पदर मुठीत आवळून मी विचारलं.

समोरच्या मुलीनं माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघितलं, एक श्वास घेतला आणि पाठ केलेली कविता म्हणून टाकावी तसं म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना हार्ट अटॅक आला होता आम्ही खूप प्रयत्न केले पण ते गेले."

मी मटकन खाली बसले आणि किंचाळले. वर्गातली पोरं दचकली. मुलगी मागं सरकत सरकत फळ्याला जाऊन टेकली. तिच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर खडूचं आख्खं वाक्य उमटलं.

"थांबा," गुळवणी सर म्हणाले.

मी उठले, साडी झटकली, बाटलीतलं पाणी प्यायले. आमचे हे त्या वेळी कोल्हापूर रोडवरच्या दुकानात बसून ट्रॅक्टरचे पार्ट विकत होते आणि त्यांच्या हृदयाला काहीही झालेलं नव्हतं.

हा उद्योग गुळवणी सरांचा. ते आमच्या मिरजेतल्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचे. राज्य नाट्यस्पर्धेतलं माझं एक काम बघून ते घरी आले होते. म्हणाले, "पद्मजाबाई, आमची पोरं हुशार आहेत हो. पण पेशंटशी बोलायचं म्हटलं की कुणी दगड होतं, कुणी पोपट. तुम्ही पेशंट व्हा. रडा, भांडा, काय वाटेल ते करा. माझ्या पोरांना माणसासमोर उभं राहायला शिकवा." मी पद्मजा मगदूम, घरी मुलांचे वक्तृत्वाचे आणि नाटकाचे वर्ग घेणारी. माझं सगळं जगणं आवाजावर चाललेलं. मला हे काम मनापासून आवडलं. त्या पावसाळ्याच्या सरत्या दिवसांपासून दर गुरुवारी दुपारी मी कधी विधवा होत होते, कधी मरणाच्या दारातली आई, तर कधी साखरेचा त्रास असलेली हट्टी म्हातारी. पोरं पहिल्यांदा हसायची, मग घाबरायची, आणि हळूहळू शिकायची.

एक सोडून. फळ्याला टेकलेली ती आफरीन मुजावर. कवठेमहांकाळकडची. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. लेखी परीक्षेत कायम वरची, पण माझ्यासमोर आली की लाकूड व्हायची.

"आफरीन," मी म्हटलं, "मी खाली पडले तेव्हा तुला काय वाटलं?"

"काही नाही, मॅडम."

"काहीच नाही?"

"तुम्ही खरंच पडला नव्हता ना." तिनं खाली बघितलं. "मॅडम, मला नाटक येत नाही. जे नाही ते आहे असं मला मानताच येत नाही. खोटं बोलल्यासारखं वाटतं."

पोरं हसली. वेदांग नावाचा एक देखणा मुलगा होता, त्याला माझ्या सगळ्या युक्त्या चटकन जमायच्या. तो म्हणाला, "अगं, खोटं नाही, अभिनय." मीही हसले असेन. मी तिला सांगितलं, "येईल. माणसाच्या डोळ्यांत बघायला शीक आधी. बाकीचं मागून येतं."

पुढच्या गुरुवारचा प्रसंग अगदी साधा होता. मी एक शिक्षिका, सारखा थकवा येतो म्हणून आलेली. विद्यार्थ्यानं चार प्रश्न विचारायचे, मान तपासायची परवानगी घ्यायची, पाठीमागं उभं राहून गळ्यावर बोटं ठेवायची, एक घोट पाणी गिळायला लावायचं, आणि आपण काय करतोय ते पेशंटला सांगत राहायचं. परीक्षा बोटांची नव्हती, बोलण्याची होती. सर आधीच म्हणाले होते, "तपासल्यासारखं करा. बाईंचा गळा दाबू नका."

पोरं एकेक करून आली. कुणाची बोटं थंड, कुणाची घामानं ओली. वेदांगनं तर कमाल केली. तबल्याला हात लावावा तशी त्यानं हलकेच बोटं टेकवली, वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "मावशी, दुखलं तर लगेच सांगा हं," आणि पुढं येऊन हसून म्हणाला, "काही काळजीचं नाही. आराम करा, वेळेवर जेवा." मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

आफरीन शेवटी आली. "मान तपासू का?" एवढंच म्हणाली. मागं गेली. तिची बोटं गळ्यावर टेकली आणि मला जाणवलं की ही टेकलेली नाहीत, शोधताहेत. डावीकडून उजवीकडं सरकली. उजवीकडं थांबली.

"गिळा."

मी घोट गिळला.

"परत."

परत गिळला. बोटं जागची हलली नाहीत. वर्गात कुणीतरी खाकरलं.

"अजून एकदा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, पण तो मला तेव्हा ऐकू आला नाही. मी पेशंटच्या भूमिकेत होते. मी वैतागून म्हटलं, "अहो डॉक्टर, किती वेळा? काय आहे तरी काय?"

ती पुढं आली. माझ्याकडं बघितलं. खरं तर त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. मग "झालं" म्हणून जागेवर जाऊन बसली.

शेवटी सूचना सांगताना मी म्हणाले, "आफरीन, परवानगी विचारलीस, छान. पण तपासताना इतका वेळ लावायचा नाही आणि गप्प तर अजिबात राहायचं नाही. डॉक्टरच्या गप्प बसण्याइतकी दुसरी कशाची भीती वाटत नाही पेशंटला."

ती माझ्या गळ्याकडंच बघत होती.

वर्ग संपवून मी खाली आले, तर ती माझ्या स्कूटरजवळ उभी. कोट घडी करून छातीशी धरलेला. आजूबाजूला पेशंटचे नातेवाईक डबे उघडून जेवत बसले होते.

"मॅडम, तुमच्या गळ्यात गाठ आहे."

मला हसूच आलं. "आत्ता बघ! आवाज खाली आला, डोळ्यांत बघतेस, शब्द मोजके. हेच वर्गात का नाही केलंस? अगदी असंच सांगायचं."

"मी सराव करत नाहीये, मॅडम."

"मग?"

"उजव्या बाजूला. सुपारीएवढी. गिळताना वर येते. कडक आहे." ती थांबली. "मला नाटक येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

माझा हात किल्लीवर होता, तो तसाच राहिला. तिनं इकडंतिकडं बघितलं, माझी तर्जनी धरली आणि गळ्याच्या उजव्या बाजूला, मंगळसूत्राच्या जरा वर नेऊन दाबली. "गिळा."

कशीबशी थुंकी गिळली. बोटाखालून काहीतरी वर गेलं आणि परत खाली येऊन बसलं. आपल्या घरात आपल्याला माहीत नसलेलं कुणीतरी राहतंय आणि दार ढकलल्यावर आतून कडी वाजावी, तसं वाटलं.

"असेल काहीतरी साधं," मी म्हटलं.

"असू शकतं. बऱ्याचदा साधं असतं." ती हे म्हणाली, पण मान हलवली नाही, हसली नाही. "तपासायला हवं. मी सरांना सांगू का?"

"नको," मी म्हटलं आणि स्कूटर सुरू केली. घरी पोचेपर्यंत रस्त्यात काय काय लागलं ते मला आठवत नाही.

भीती म्हणजे काय ते मला ठाऊक आहे असं मी समजत होते. मी ती कितीदा उभी केली होती! ओठ थरथरवायचे कसे, श्वास वर कुठं अडकवायचा, हातांचं काय करायचं. आणि ही आलेली भीती तसलं काहीच करत नव्हती. ती गप्प बसून होती. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला की ती ऐकायची. चहाचा घोट घेतला की ऐकायची. सकाळी उठून मी पहिल्यांदा गळ्याला हात लावायचे, रात्रीतून गाठ विरघळली असेल या आशेनं. ती असायची. मग वाटायचं, कालच्यापेक्षा मोठी झालीय. मग आरशासमोर उभी राहून गिळत राहायचे, तोंड सुकेपर्यंत.

यांना सांगितलं नाही. काय सांगणार? एक शिकाऊ पोरगी असं म्हणाली म्हणून? पुण्याला लेक होती नोकरीला, तिचा फोन आला की मी जास्तच मोठ्यानं हसायचे.

शनिवारी मुलांचा वर्ग होता. दहा-बारा पोरं अंगणात गोल करून बसलेली. मी त्यांना 'आ' लावून दाखवत होते. बेंबीतून निघालेला आवाज गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेला पाहिजे, असं मी नेहमी सांगायचे. आवाज लावला आणि मधेच मला तो कुठून जातोय ते दिसलं. त्या सुपारीच्या अगदी कडेनं. अंधाऱ्या बोळातून कुणाला तरी चुकवून जावं तसा. मी थांबले.

"बाई, काय झालं?" एका मुलीनं विचारलं.

"काही नाही. ठसका लागला."

वर्ग लवकर सोडला. अंगणाचं फाटक लावत होते तेवढ्यात आफरीनचा फोन आला.

"मॅडम, सोमवारी सकाळी सोनोग्राफीची वेळ घेतलीय."

"तुला मी नको म्हटलं होतं."

"हो. पण मी सरांना सांगितलं. रागावलात तरी चालेल."

त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं. आमचे हे, श्रेणिक, म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. पान्हे आणि बेअरिंगं यांच्यात आयुष्य गेलेलं. म्हणाले, "काही नसेल गं. तुझा घसा वापरूनच सुजला असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आंघोळ करून, धोतर नेसून बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, निघालेले. पर्युषण सोडलं तर वर्षभर देवळाची पायरी न चढणारा हा माणूस. चप्पल घालताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. तेव्हा मी पहिल्यांदा खरी हादरले.

सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई आधी माझ्याशी पावसाबद्दल गप्पा मारत होत्या. मग पडद्याकडं बघता बघता त्यांचं बोलणं बंद झालं. नुसतं यंत्राचं बटण वाजत होतं. मी वर्गात काय म्हणाले होते ते मला आठवलं आणि असं वाटलं की उठावं आणि पळत सुटावं.

मग सुईची तपासणी. उशी खांद्याखाली, मान मागं ताणलेली, गळा उघडा. "गिळायचं नाही, बोलायचं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. सुई आत शिरली तेव्हा मी छताच्या पंख्याकडं बघत होते. न गिळता राहायचं म्हटलं की जगातली सगळी थुंकी तोंडात जमा होते.

निकालाच्या दिवशी गुळवणी सरांनी आम्हाला दुपारी केबिनमध्ये बोलावलं. मी सरांना फोनवर म्हटलं होतं, "आफरीनला पण असू दे." का म्हटलं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. ती दाराशी उभी होती; रिपोर्ट तिनंच आणून सरांसमोर ठेवला होता. सर टेबलापलीकडं. हे माझ्या शेजारी, मांडीवर रिकामी पिशवी धरून.

"या, पद्मजाबाई," सर म्हणाले. "चहा घेणार?"

"नको."

"हं. तर असं आहे..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे बघा, आजकाल विज्ञान खूप पुढं गेलंय. पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही. थायरॉइडच्या बाबतीत तर... म्हणजे तुम्ही अगदी योग्य वेळी आलात. आपल्याकडं सर्जनसुद्धा फार चांगले आहेत. आणि तुम्ही तर काय, खंबीर बाई आहात..."

ते बोलत राहिले. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. वर्गात ते पोरांना सांगायचे, वाईट बातमी फिरवून फिरवून द्यायची नाही, माणूस त्या फेऱ्यात गुदमरतो. पण ती पोरं आणि मी यांत फरक होता. सर माझ्या घरी जेवून गेले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी कुणीतरी उशी तोंडावर दाबल्यासारखं झालं.

"सर," मी म्हटलं, "काय आहे तेवढं सांगा."

त्यांनी समोरच्या कागदाकडं बघितलं.

दाराजवळचं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आफरीन ते घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या जवळ की तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले.

"मॅडम, कॅन्सर आहे," ती म्हणाली.

उठली नाही, सरकली नाही. भिंतीकडं बघितलं नाही.

तो शब्द ऐकल्यावर बायका काय काय करतात ते मी त्या इस्पितळात गुरुवारी गुरुवारी करून दाखवलं होतं. यातलं काहीएक माझ्याकडं आलं नाही. किंचाळी नाही, रडू नाही. हात होते तिथंच. बाजूला यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा बारीक चुरचुर आवाज येत होता. माझ्या तोंडून जे निघालं ते हे होतं:

"आवाज?"

आफरीननं सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली तसं ती म्हणाली, "बरं होण्याची शक्यता खूप चांगली आहे. ऑपरेशन करून गाठ काढता येते. पण आवाजाची नस त्या गाठीला अगदी चिकटून जाते. सर्जन तिला जपतात. बहुतेक वेळा काही होत नाही."

"बहुतेक वेळा."

"हो. बहुतेक वेळा. नक्की असं मी नाही म्हणू शकत."

हे म्हणाले, "अहो डॉक्टर, काही होणार नाही असं म्हणा की! तिला धीर तरी येईल."

"काका, मला माहीत नाही ते मी कसं म्हणू?" ती म्हणाली, आणि बोलताना तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. माझा हात तिच्या हातात होता. तो तिनं कधी धरला होता ते मला कळलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर झोपवून नेताना मी मनातल्या मनात शब्द म्हणत होते. लेकीचं नाव, यांचं नाव, आईचं नाव. मोठ्यानं म्हणायची लाज वाटली. वाटलं, हे शेवटचं असेल तर काहीतरी चांगलं बोलून घ्यावं. पण आत नेणाऱ्या सिस्टरनं "घाबरला काय, मावशी?" विचारलं आणि मी फक्त "हं" म्हणाले. नंतर कितीतरी वेळ मला त्या 'हं'चं वाईट वाटत राहिलं, की गेला तर आपला आवाज असल्या 'हं'वर गेला.

जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती, पट्टीतून एक नळी निघाली होती आणि घसा सोलून काढल्यासारखा झाला होता. सर्जन वाकून म्हणाले, "झालं सगळं नीट. नाव सांगा बघू तुमचं."

मी नाही म्हणून मान हलवली.

"बोलायला हरकत नाही. बोला."

मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, भुलीचा अंमल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. एक बारीक नळी घालून आत बघितलं. म्हणाले, "नस शाबूत आहे, फक्त जरा दमलीय. बोलत राहिलात तर उभारी धरेल. किती, ते आत्ता सांगता येणार नाही. पण बोला." मी परत मान हलवली. हे म्हणाले, "पद्मजा, एक शब्द बोल गं. नुसतं 'अहो' म्हण." पुण्याहून आलेली लेक रडायला लागली. मी हातानं खूण केली: दुखतंय.

दुखत होतं ते खरंच. पण कारण ते नव्हतं. मी बोलले नव्हते तोवर माझा आवाज गेला नव्हता. तो आत कुठंतरी होता, जसा होता तसा, गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाणारा. तोंड उघडलं की कळणार होतं. आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. जन्मभर खुणांनी बोलायला लागलं तरी चालेल, असं त्या पलंगावर पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं होतं. आज हसू येतं, पण तेव्हा मी ते अगदी मनापासून ठरवलं होतं.

दुपारी हे लेकीला जेवू घालायला घरी घेऊन गेले. खोलीत मी एकटी होते. आफरीन आली. माझा तक्ता बघितला, नळी बघितली, पट्टी बघितली. मग म्हणाली, "तुम्ही बोलत नाही म्हणे."

मी तोंड फिरवलं.

ती बाहेर गेली. मला वाटलं, गेली. तेवढ्यात दार परत ढकललं गेलं आणि ओढणी डोक्यावरून घेऊन, कमरेत वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून ती आत आली. मला आधी कळेना हिला काय झालंय.

"डाक्तरीणबाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी लई लांबनं आलीया. माझं गुडघं दुखत्यात." आणि स्टुलावर बसली.

ती नाटक करत होती. मला नाटक येत नाही म्हणणारी पोरगी माझ्यासमोर म्हातारी झाली होती, आणि इतकं वाईट काम मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आवाज एका वाक्यात घोगरा, दुसऱ्यात तिचा स्वतःचा. हात थरथरवायचं मधेच आठवायचं, मग विसरायचं.

"अवो डाक्तरीणबाई, बोला की. माझी नात बी डाक्तर हाय. ती बी अशीच गप बसती. लोकं म्हनत्यात मुकी हाय का काय तुमची नात. गुडघ्याचं काय करू? गोळी देता का सुई?" तिचे कान लाल झाले होते. घाम फुटला होता. तिला या खोट्याची किती लाज वाटत होती ते मला स्वच्छ दिसत होतं, पण ती थांबत नव्हती. "तुमी बोलत न्हाई म्हंजे लई वंगाळ झालंय का मला? मी मरती का काय?"

आणि म्हणता म्हणता ती टुणकन उठून उभी राहिली. गुडघे दुखणारी म्हातारी, स्टुलावरून एका झटक्यात, हात न टेकता.

"चूक," मी म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली.

"म्हातारी अशी उठत नाही."

आवाज खोलीत होता. मी तो ऐकला. तो वाऱ्यासारखा होता, फाटलेला, खाली कुठंतरी घासत येणारा. वाळक्या पानांवरून पोतं ओढत न्यावं तसा. पलंगावर पडून आवाज काढणारी ती बाई कोण होती ते मला कळेना. इतके दिवस ज्याला भ्याले होते ते आलं होतं आणि ते असं होतं.

आफरीननंही ऐकला होता. तिच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. तिला काहीच लपवता यायचं नाही. 'छान आहे' म्हणाली नाही. 'होईल नीट' म्हणाली नाही. ओढणी सावरून परत स्टुलावर बसली आणि विचारलं, "मग कशी उठते?"

मी थुंकी गिळली. दुखलं. "आधी... पुढं सरकते."

ती पुढं सरकली.

"हात टेक. मांडीवर नाही. स्टुलाच्या कडेला." प्रत्येक शब्दाला मला थांबावं लागत होतं. "मान आधी वर नाही आणायची. कंबर आधी. मान सगळ्यात शेवटी."

तिनं करून बघितलं. चुकलं. मी परत सांगितलं. परत चुकलं. मी वैतागले, ती घामाघूम झाली. श्वास मधेच निसटायचा, शब्द अर्ध्यावर विरायचे, मी ते परत म्हणायचे. भीती गेली नव्हती. ती होतीच, पलंगाच्या कडेला बसलेली. पण मला तिच्याकडं बघायला वेळ नव्हता, कारण समोर एक पोरगी म्हातारीचं उठणं चुकवत होती आणि मला ते बघवत नव्हतं.

पुढं तो आवाज बराच सावरला. वरचे सूर मात्र आले नाहीत. अंगणातल्या मुलांना आता मी 'आ' लावून दाखवत नाही, एकाला लावायला सांगते आणि बाकीच्यांना ऐकायला लावते. आफरीन जतकडं डॉक्टर आहे. तिथल्या लोकांत तिची ख्याती अशी, की बाई गोड बोलत नाहीत, पण त्या जे म्हणतील ते तसंच असतं. नाटक तिला अजूनही येत नाही.

त्या दुपारी आमचं ते चाललेलं असताना दाराबाहेर पावलं वाजली आणि थांबली. डब्याची कडी वाजली. हे बाहेरच उभे राहिले होते. दारावरचा खोलीचा नंबर बघत होते, असं लेक नंतर म्हणाली. त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या खोलीशी आलो.

"आत कोण बोलतंय?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

आफरीननं माझ्याकडं बघितलं.

"मी," मी म्हणाले.